फोन वाजतो कुणाच्या हातात?

(सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘कॉल फॉरवर्डिंग’ असं छापलेलं वाचून सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी विचारलं, ‘‘हा काय मोबाइल दुरुस्तीचा वर्ग आहे का?’’ थोडासा तो आहेच. पण मी हा विषय मागून घेतला तो आपल्या नोंदवहीसाठी. प्रत्येक केंद्रात ती असते. बाई आली की नाव, पत्ता, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती, आणि शेवटच्या रकान्यात फोन नंबर. दोन दिवसांनी आपण त्या नंबरावर फोन करतो. तो फोन तिच्याच हातात वाजतो असं आपण धरून चालतो. ते तसं धरून चालता येत नाही, हे मला आज सांगायचं आहे.

बाईचा फोन मधल्यामध्ये दुसऱ्यानं घेणं ही मोबाइलनं आणलेली गोष्ट नव्हे. तुमच्यापैकी ज्यांचे केस माझ्यासारखे पिकलेत त्यांना ‘पी. पी. नंबर’ आठवत असेल. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं, तेव्हा चाळीत एकाच्या घरी फोन असायचा आणि बाकीचे त्याचाच नंबर पत्रात, लग्नपत्रिकेत द्यायचे. माहेरचा फोन यायचा तो शेजारच्या काकूंकडे. काकू हाक मारायच्या. हाक मारायची की नाही, निरोप पूर्ण सांगायचा की अर्धा, आणि सासूला आधी सांगायचा की सुनेला, हे काकूंच्या हातात असे. पुढे घरात फोन आला, तर डायलच्या भोकात एक छोटंसं कुलूप आलं. किल्ली सासऱ्यांच्या जानव्याला किंवा नवऱ्याच्या खिशात. बटणांचे फोन आले तेव्हा कुलपाच्या जागी एस. टी. डी. लॉकचा आकडा आला. तो आकडा घरातल्या किती बायकांना माहीत असे, हे तुम्हीच सांगा.

भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि मग तो हळूहळू बायकांच्याही हातात आला. हळूहळू म्हणजे किती, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ च्या, स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका देशात सुमारे ५४ टक्के होत्या. आता हा ‘स्वतः वापरायचा’ शब्द मोठा फसवा आहे. हातात संच तिचा, रिचार्ज नवऱ्याचा, सिमकार्ड कुणाच्या आधारकार्डावर घेतलं ते बहुतेकींना विचारल्यावरच आठवतं. कुलूप डायलवरून निघालं खरं. ते गेलं कुठे, हे पाहायला हवं.

कॉल फॉरवर्डिंग म्हणजे माझ्या नंबरावर आलेला फोन दुसऱ्या नंबरावर वळवणं. सोय म्हणून ती उत्तम आहे. डॉक्टर दवाखान्यातून घरी निघाले की दवाखान्याचा फोन घरच्या फोनवर लावून ठेवतात. अमेरिकेत तर लँडलाइनसाठी अशीही सोय होती, की तुम्ही गावाला गेलात आणि फोन वळवायला विसरलात, तर कुठूनही एका ठरावीक नंबरावर फोन करायचा, आपला नंबर आणि गुप्त आकडा दाबायचा, की घरचा फोन लांबूनच वळवता येई. त्या गुप्त आकड्याचा मालक तोच त्या फोनचा मालक. घरात फोनजवळ कोण बसलंय याला काही अर्थ उरत नाही.

जाता जाता एक गंमत सांगते. आपोआप चालणारं टेलिफोन एक्स्चेंज काढलं ते आल्मन स्ट्रोजर नावाच्या माणसानं. हा कॅन्सस सिटीतला, अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचा त्याचा धंदा. असं सांगतात, की त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको टेलिफोन ऑपरेटर होती आणि त्याच्याकडे येणारी गिऱ्हाइकं ती नवऱ्याकडे वळवते असा त्याला संशय आला. म्हणून त्यानं ऑपरेटरच नको असं यंत्र शोधलं. १८९१ साली पेटंट मिळालं आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात ते सुरू झालं. फोन भलत्याकडे वळतो म्हणून पुरुषाची तक्रार झाली तेव्हा सगळी यंत्रणाच बदलली, आणि पुढे या यंत्रांनी कितीतरी ऑपरेटर बायकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या बाईनं खरंच तसं केलं होतं का, हे कुणी तिला विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता आपल्या फोनकडे येऊ. फोन वळवण्याचे चार प्रकार आहेत. सगळेच कॉल वळवायचे, त्याचा आकडा २१. फोनवर दुसरं बोलणं चालू असेल तर वळवायचे, ६७. वाजला पण उचलला नाही तर वळवायचे, ६१. आणि फोन बंद किंवा रेंजमध्ये नसेल तर, ६२. यातला २१ लावला, की बाईचा फोन वाजतच नाही. ६१ लावला, तर पाच सेकंदांपासून तीस सेकंदांपर्यंत किती वेळ वाजू द्यायचा हेही ठरवता येतं. पाच सेकंदांत पोळी लाटणारी बाई हात पुसून फोनपर्यंत पोचत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, ही नोंद तिच्या फोनमध्ये नसते. ती कंपनीच्या यंत्रणेत, तिच्या नंबरापुढे लिहिलेली असते. त्यामुळे फोन बंद केला, सगळा पुसून कोरा केला, अगदी तेच सिम नव्या फोनमध्ये घातलं, तरी कॉल वळतच राहतात. बायका आपल्याकडे येऊन सांगतात, ‘‘ताई, फोन फॉर्मॅट करून आणला, तरी त्याला सगळं कसं कळतं?’’ छुपं ॲप टाकलं असेल असं आपल्याला लगेच वाटतं. तसंही असू शकतं. पण त्याआधी हे साधं, जुनं, फुकटातलं कारण तपासून बघायला हवं.

आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईचं सांगते. ओळख पटेल असं काही सांगणार नाही. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला, ही सासूजवळ. एक दिवस त्यानं तिथून फोन केला, ‘‘तुझ्या फोनला रेंज नीट येत नाही ना, मी सांगतो तो नंबर दाब.’’ तिनं दाबला. आधी काही खुणा, मग २१, मग एक नंबर, मग हॅश. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलं, ते तिनं वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘‘झालं.’’ त्यानंतर तिचा फोन वाजेनासा झाला. तिला वाटलं माहेरचे विसरले. माहेरी आईला वाटलं, मुलगी फोन घेत नाही, जावईच उचलतात आणि म्हणतात, ‘ती कामात आहे’, ‘ती झोपली’, ‘तिला बोलायचं नाही तुमच्याशी’. हिनं स्वतः फोन लावला असता तर लागला असता, कारण जाणारे कॉल वळत नाहीत. पण माहेरच्यांनीच टाकलं असं मनात बसल्यावर बाई आपणहून फोन लावते का? भाऊ भाऊबीजेला दारात उभा राहिला तेव्हा दोघांनी एकमेकांना पहिला प्रश्न विचारला तो एकच, ‘‘फोन का नाही केलास?’’

दोनशे किलोमीटरवर बसून त्यानं एका घराचे दोन तुकडे केले. मारहाण नाही, शिवी नाही, पोलिसांत दाखवायला अंगावर वळ नाही. बरं, लांबून यंत्र चालवायला बोट वापरलं तेही तिचंच. नवऱ्यानं सांगितलेला आकडा का दाबायचा, असं विचारायची सवय आपण मुलींना लावलेली नाही.

याच युक्तीनं चोर पैसे लुटतात हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. कुरियरवाला किंवा कंपनीचा माणूस म्हणून फोन येतो, आकडे दाबायला सांगतात, आणि मग बँकेचे, व्हॉट्सॲपचे खात्री करणारे फोन चोराकडे जातात. हे इतकं वाढलं, की केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागानं २८ मार्च २०२४ ला आदेश काढला. ‘स्टार ४०१ हॅश’ ही आकडे दाबून कॉल वळवण्याची सेवा १५ एप्रिल २०२४ पासून, पुढच्या आदेशापर्यंत, बंद करायला सगळ्या कंपन्यांना सांगितलं. अठरा दिवसांत देशभरची सेवा बंद! मला याचं वाईट वाटत नाही, चांगलंच झालं. पण २१ आणि ६१ चे जे आकडे मी सांगितले ते जगभरच्या मोबाइलमध्ये असतात, आणि त्यांच्यावरून फसवणूक होते असे इशारे सरकारी सायबर यंत्रणेला त्यानंतरही द्यावे लागले.

त्या आदेशातलं एक वाक्य आपल्या कामाचं आहे. ग्राहकाच्या नकळत ही सेवा सुरू होऊ नये म्हणून ती दुसऱ्या मार्गानं पुन्हा सुरू करून घ्यावी, असा त्याचा आशय. ग्राहकाच्या नकळत! ग्राहक म्हणजे कोण? ज्याच्या कागदपत्रांवर सिम घेतलं तो. म्हणजे सिम नवऱ्याच्या नावावर असेल, तर तिच्या फोनचा ग्राहक तोच आणि त्याच्या नकळत काहीच झालेलं नाही. चोराविरुद्धचं सगळं संरक्षण त्याच्या बाजूला उभं राहतं. तो कंपनीला सांगून सेवा बदलू शकतो, सिम हरवलं म्हणून त्याच नंबराचं दुसरं काढून तिचं बंद पाडू शकतो. ती मात्र तोच नंबर स्वतःच्या नावावर करून मागायला गेली, तर त्याची संमती आणा म्हणतात. ज्याच्यापासून पळायचं, त्याचीच सही आणायची. रेशनकार्ड, घराचा उतारा, मुलांचा शाळेचा दाखला, सगळीकडे भेटलेली ही जुनी ओळखीची गोष्ट आहे.

यावर काही करता येतं की नाही? अमेरिकेत करून दाखवलं आहे. तिथं कुटुंबाचा मिळून एक प्लॅन असतो आणि खातं बहुधा नवऱ्याच्या नावावर. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या आपल्या मराठी मुलींचंही तसंच. खातेदार घरबसल्या, कंपनीच्या संकेतस्थळावरून, खात्यातल्या कुठल्याही फोनची व्यवस्था बदलू शकतो. डिसेंबर २०२२ मध्ये तिथं ‘सेफ कनेक्शन्स ॲक्ट’ झाला. घरात हिंसा सोसणाऱ्या व्यक्तीनं पुरावा देऊन अर्ज केला, की कंपनीनं दोन कामाच्या दिवसांत तिची लाइन नंबरासकट वेगळी करून द्यायची, आणि त्यासाठी खातेदाराची परवानगी मागायची नाही. आपल्याकडे अशी तरतूद मागायला हवी. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा झाला तेव्हा स्त्री-संघटनांनी हे मांडायला हवं होतं, असं मला वाटतं. नियम, सूचना, दुरुस्त्या होतच राहतात, तेव्हा मागणी आताही करता येईल.

तोवर हातात जे आहे ते वापरू. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाहा. २०१३ साली दंडसंहितेत आलेलं पाठलागाचं कलम ३५४ ड, ते १ जुलै २०२४ पासून या नव्या आकड्यानं आहे. बाई इंटरनेट, ई-मेल किंवा इतर कुठलंही इलेक्ट्रॉनिक संपर्कसाधन कसं वापरते यावर पाळत ठेवणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. ‘कोणताही पुरुष’ असे त्याचे शब्द आहेत, नवरा वगळून असं कुठे लिहिलेलं नाही. ठाणे अंमलदार ‘‘नवराच आहे ना?’’ म्हणतील, तेव्हा कलम काढून दाखवा. वळवलेला कॉल म्हणजे पाळतच, हे मात्र युक्तिवाद करून पटवावं लागेल. शिवाय त्या परिस्थितीत असं करणं वाजवी होतं असा बचाव कलमातच ठेवलेला आहे आणि नवऱ्याचे वकील तो घेणार.

मला जास्त उपयोगाचा वाटतो तो २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. त्यात शाब्दिक आणि भावनिक छळ हिंसाच आहे. कलम १८ खाली संरक्षण आदेश मागताना आपण मारहाण करू नये, घरी येऊ नये, फोन करू नये एवढंच लिहितो. त्याच कलमात शेवटी, आदेशात नमूद केलेली इतर कुठलीही कृती करू नये असं म्हणायची मुभा न्यायाधीशांना आहे. तिथे लिहा. तिच्या अमुक नंबराचे कॉल वळवू नयेत, त्या नंबराचं दुसरं सिम काढू नये, आणि नंबर तिच्या नावावर करण्याच्या आड येऊ नये. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्जाच्या छापील नमुन्यात ही ओळ नसते. आपणच घालायची.

एक सावधगिरी. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घटस्फोटाच्या एका खटल्यात, नवऱ्यानं चोरून ध्वनिमुद्रित केलेलं बायकोचं बोलणं पुरावा म्हणून घेता येईल, असा निकाल दिला. तेव्हा वळलेल्या फोनवर माहेरचं माणूस रागात काय बोललं, हे उद्या कोर्टात ऐकवलं जाऊ शकतं. आपण काय बोललो तेही.

आता आपल्याकडे. वळलेला फोन त्याच्याकडे वाजतो तेव्हा त्याच्या स्क्रीनवर बहुतेक वेळा मूळ फोन करणाऱ्याचा, म्हणजे आपला नंबर दिसतो. त्याच्याकडे ट्रूकॉलर असेल तर नावासकट, ‘महिला सल्ला केंद्र’ म्हणून. आपण अजून ‘हॅलो’सुद्धा म्हटलेलं नसतं. त्या रात्री त्या घरात काय होईल? म्हणून मी सांगते, नोंदवहीत नंबर लिहिताना चार गोष्टी त्याच वेळी, तिच्यासमोर विचारा. सिम कुणाच्या नावावर आहे. तिला कधी फोन केलेला चालतो. दुसऱ्यानं उचलला तर आपण कोण म्हणून सांगायचं, शिवणक्लासच्या बाई, भिशीवाल्या, जे तिच्या घरात खपेल ते. आणि ती स्वतः बोलते आहे हे कळायला एक साधा शब्द. संस्थेच्या नावानं नोंदलेल्या नंबरावरून पहिला फोन करूच नये. आणि ती केंद्रात बसलेली असतानाच तिच्या फोनवर समोरून एक फोन लावून बघा. तोही साध्या नंबरावरून, आणि उचलला गेला तर न बोलता ठेवायचा. वाजला तर ठीक. आपल्याला रिंग ऐकू येतेय आणि तिच्या हातातला फोन गप्प आहे, तर काय ते समजा.

तपासायचा आकडा स्टार, हॅश, २१, हॅश आणि मग कॉलचं बटण. याच रीतीनं ६१, ६२, ६७ पाहायचे. दोन सिम असतील तर दोन्ही वेगवेगळी. कंपनीप्रमाणे उत्तराची भाषा थोडी बदलते. ६२ किंवा ६१ पुढे एखादा अनोळखी नंबर दिसला म्हणून घाबरवून सोडू नका, मिस्ड कॉलचा निरोप देणारा कंपनीचाच नंबर अनेकदा तिथे असतो. २१ पुढे नंबर असेल तर मात्र तो कुणीतरी लावलेला असतो. सगळं रद्द करण्याचा आकडा हॅश हॅश ००२ हॅश.

पण थांबा. तो लगेच दाबायचा नाही. कॉल येणं बंद झालं की पलीकडच्याला त्याच दिवशी कळतं. बाई अजून त्याच घरात राहत असेल तर त्याचा राग तिलाच झेलावा लागतो. आधी त्या स्क्रीनचा दुसऱ्या फोननं फोटो घ्या, तारीख-वेळ लिहा, तो नंबर नोंदवा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी फोटो कुणाच्या फोननं काढला तेही लिहून ठेवा. मग रद्द करायचं की नाही, कधी करायचं, हे तिनं ठरवायचं. काही जणी म्हणतात, राहू दे, मी शेजारणीच्या फोनवरून बोलेन. त्यांचा हिशेब त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो.

हीच सोय बाईच्या कामालाही येते, हे सांगायचं राहायला नको. घर सोडलेली एक मुलगी आमच्याकडे होती. सिम तिच्याच नावावर. धमक्यांचे फोन दिवसाला वीस-वीस. नंबर बदलावा तर मुलाच्या शाळेत, बँकेत, कामाच्या ठिकाणी तोच दिलेला. तिनं सगळे कॉल बहिणीच्या फोनवर वळवले, स्वतःचा जुना फोन बंद करून डब्यात ठेवला आणि नवा नंबर घेतला. बहीण फोन घेई, कामाचे निरोप कळवी आणि धमक्या तारखेनिशी वहीत उतरवी. तीच वही पुढे वकिलांनी मागून घेतली. फोन बंद असला तरी कॉल वळतात याचा तिनं असा उपयोग केला. एवढं लक्षात ठेवा, एस. एम. एस. वळत नाहीत, व्हॉट्सॲपचे कॉलही नाहीत. धमक्या तिथून येत असतील तर वेगळी व्यवस्था.

बोलणं लांबलं. जेवणानंतर आपण पाच-पाचच्या गटांत बसू. प्रत्येकीनं आपला फोन आणावा आणि आधी स्वतःचाच नंबर तपासावा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते ‘संचार साथी’वर कसं पाहायचं तेही दाखवते, आधारकार्डावरचं नाव आणि फोन हाताशी ठेवा. आणि ज्या केंद्रांनी नोंदवहीचा कोरा नमुना आणलाय, त्यांनी तो माझ्याकडे द्या. तो फोनचा शेवटचा रकाना फार अरुंद आहे, चार ओळी मावतील असा करून घेऊ.